रिसबूडांची तांबडी रेघ

अनंत गोविंद रिसबूड यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय एकाही विद्यार्थ्याची जन्मतारीख बदलली नाही. हे विधान मी त्यांच्या शब्दावर विसंबून करत नाही. सेंट फिनियन हायस्कूलची १९६६ ते २००२ या काळातली जनरल रजिस्टरं मी पानन् पान पाहिली आहेत. जन्मतारखेच्या रकान्यात एकूण एकशे चौदा दुरुस्त्या आहेत आणि प्रत्येकीसमोर आदेशाचा क्रमांक आहे. चुकीची तारीख एका सरळ आडव्या रेघेने छेदलेली, ती रेघेखालून स्वच्छ वाचता येते. वर तांबड्या शाईने बरोबर तारीख, शेजारी ‘अ. गो. रि.’ अशी आद्याक्षरं आणि दुरुस्तीचा दिवस.

शाळा पुण्याच्या कॅम्पात आहे. आयर्लंडहून आलेल्या ब्रदरांनी ती १८९९ साली लष्करातल्या कॅथलिक शिपायांच्या मुलांसाठी काढली. ब्रदर म्हणजे पाद्री नव्हेत. चर्चमधला मिस्सा हा पूजाविधी ते चालवत नाहीत. अविवाहित राहून, एकत्र राहून शिकवण्याचं व्रत घेतलेली ही माणसं. चौदा जणांसाठी बांधलेल्या त्यांच्या निवासात आज तिघं राहतात. शाळेला सव्वाशे वर्षं होत होती, म्हणून मुख्याध्यापक ब्रदर पॅट्रिक तिर्की यांनी जुनं दप्तर लावून देण्याचं आणि त्यावरून शाळेचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे सोपवलं.

“आमच्यातलं कुणीच इथे जास्त वर्षं टिकत नाही,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले. ते झारखंडातल्या गुमल्याचे, पुण्यात सहा वर्षांपूर्वी आलेले. “आमची बदली होत राहते. शाळेचं सगळं माहीत असलेला माणूस एकच. रिसबूडसर. सदाशिव पेठेत असतात.”

सदाशिव पेठेतला एक ब्राह्मण गृहस्थ छत्तीस वर्षं सायकलने आणि पुढे लूनाने कॅम्पातल्या कॅथलिक शाळेत कारकुनी करायला जात होता, याचं मला कुतूहल वाटलं. त्यांच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दार त्यांनीच उघडलं. वय ऐंशी, अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

“अकराची वेळ दिली होती,” ते म्हणाले.

“अकराच वाजलेत.”

“अकराला तीन कमी आहेत. बसा. मी अकराला बोलायला लागेन.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “खरंच लागतील हो. तोवर चहा घ्या.” या त्यांच्या पत्नी, सुहासिनीबाई. बालवाडीत तीस वर्षं शिकवल्यामुळे त्यांचा आवाज भिंतीपलीकडूनही स्पष्ट येतो.

त्यानंतर चार महिने मी दर शनिवारी त्यांच्याकडे जात असे. आठवणींवर माझा सहसा विश्वास नसतो. रिसबूडांचाही नव्हता, आणि तिथेच आमचं जमलं. ते काहीही सांगताना आधी कागद काढत. नोकरी कशी लागली, असं विचारलं तर त्यांनी मुलाखतीचं पत्रच पुढे ठेवलं. त्यावर टंकलेलं होतं: मंगळवार, १५ जून १९६६.

“पंधराला बुधवार होता,” ते म्हणाले. “चूक वाराची की तारखेची, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून दोन्ही दिवस गेलो.”

“मंगळवारी काय झालं?”

“ब्रदर मॅलकी मुख्याध्यापक होते. म्हणाले, उद्या या. बुधवारी गेलो तर चौदा उमेदवार बसलेले. मला विचारलं, काल का आला होतात? मी कारण सांगितलं. बाकीच्यांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.”

त्या वेळी रिसबूड बावीस वर्षांचे होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी रजिस्टरात एका मुलाच्या वडिलांचं नाव चुकवलं आणि तेव्हाच्या कारकुनी रिवाजाप्रमाणे ब्लेडने शाई खरवडून त्यावर नवं नाव लिहिलं. ब्रदर मॅलकींनी ते पान उचलून खिडकीपाशी धरलं. कागद विरळ झाला होता, त्या जागेतून ऊन आलं. मग त्यांनी टेबलावरची फूटपट्टी घेऊन एका कोऱ्या कागदावर एक शब्द लिहिला, त्यावर रेघ मारली, वर दुसरा शब्द लिहिला, खाली सही केली आणि तो कागद रिसबूडांच्या हातात दिला.

शाळेत गेल्यावर मी ते पान शोधलं. नोंद क्रमांक ४१२७. खिडकीशी धरलं. ऊन आलं.

या पद्धतीपायी रिसबूडांनी काय काय सोसलं, ते सुहासिनीबाईंकडून कळलं. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याला मुलाचं वय चार महिन्यांनी वाढवून हवं होतं. त्याने आंब्यांची पेटी आणली. रिसबूडांनी ती जावक रजिस्टरात ‘एक पेटी, परत’ अशी चढवली आणि त्याची सही घेतली. ही नोंद मी पाहिली आहे. सहीत रागाने निब मोडलेलं दिसतं. पण घरातली गोष्ट अशी हसण्यावारी गेली नव्हती. सुहासिनीबाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा याच शाळेत होता. त्याची तारीख तीन आठवड्यांनी मागे घ्यायची होती, एवढंच.

“माझा भाऊ सहा वर्षं भाऊबीजेला आला नाही,” त्या म्हणाल्या. “तीन आठवड्यांसाठी सहा वर्षं.”

“आदेश आणला असता तर बदलली असती,” रिसबूड वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

“बघा. अजून तेच उत्तर.”

या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. शाळेच्या नव्वदाव्या वर्षी, १९८९ साली, निघालेल्या स्मरणिकेतला मराठी इतिहास त्यांचा आहे. इंग्रजी विभागातला इतिहास त्याचंच भाषांतर. कामावरून परत आल्यावर तीन वर्षं रोज दोन तास बसून त्यांनी तो लिहिला. त्याचा गाभा म्हणजे ‘त्रेचाळीस वर्षांचा दीपस्तंभ’ हे ब्रदर मॅलकींवरचं प्रकरण: १९२७ साली शाळेत आले, युद्धकाळातली काही वर्षं वगळता इथेच राहिले, १९७० साली इथेच वारले. त्या प्रकरणामुळे शाळेच्या सभागृहाला त्यांचं नाव मिळालं. एका चित्रकाराकडून तैलचित्र करून घेतलं गेलं. आता सभागृहाची डागडुजी झाली होती आणि दारावर लावायला काळ्या ग्रॅनाइटची नवी पाटी तयार होऊन आली होती: ब्रदर मॅलकी सभागृह, १९२७–१९७०. डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तिचं अनावरण व्हायचं होतं.

मला शंका आली ती सह्यांवरून. १९३०च्या दशकातल्या लॉगबुकात ‘मॅलकी’ ही सही उजवीकडे झुकते. १९४६ नंतरच्या हजेरीपटात ती डावीकडे कलते आणि आधीची अक्षरं पुसटलेली असतात, डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या शाईवरून जावा तशी. सही हा दुबळा पुरावा आहे. माणसाची सही बदलते, हातही मोडतो. मी दुसरा पुरावा शोधायला लागले आणि लक्षात आलं की शाळेत तो असूच शकत नाही. प्रत्येक शिक्षकाची सेवापुस्तिका असते, तिच्यात जन्मतारीख असते. ब्रदर पगार घेत नसत, म्हणून त्यांची सेवापुस्तिका कधी उघडलीच गेली नव्हती. आडनाव ते लावत नसत. कबरीच्या दगडावर नाव आणि मृत्यूचा दिवस, बाकी काही नाही.

मी ब्रदर पॅट्रिकना विचारलं, मॅलकी हे त्यांचं जन्मनाव होतं का?

“नाही, नाही. त्या काळी व्रत घेताना नवीन नाव मिळायचं,” ते म्हणाले. “आता आम्ही बदलत नाही. मी जन्मापासून पॅट्रिक.”

“एकच नाव दोघांना मिळू शकायचं?”

“एकाच वेळी नाही. पण एक ब्रदर वारला की त्याचं नाव मोकळं व्हायचं. मग ते नंतर व्रत घेणाऱ्या मुलाला द्यायचे.” बोलता बोलता ते थांबले. “का हो?”

संस्थेच्या डब्लिनमधल्या मुख्य दप्तराला मी पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी दिवंगत ब्रदरांच्या यादीतल्या दोन नोंदींची छायाचित्रं आली. पहिले मॅलकी: जन्मनाव टॉमस हॅनलन, जन्म ११ मार्च १८९९, पुण्यात १९२७ ते १९३८, मृत्यू १९३९, मायदेशी. दुसरे मॅलकी: जन्मनाव डेनिस फ्युरी, नाव दिलं १९४०, पुण्यात १९४६ ते १९७०, मृत्यू पुण्यात. जन्म २ नोव्हेंबर १९१७.

म्हणजे १९२७ साली रिसबूडांचे ब्रदर मॅलकी दहा वर्षांचेही नव्हते.

मी ते कागद ब्रदर पॅट्रिकच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले.

“पाटी आली आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“अडुसष्टची बॅच येणार. सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांना मॅलकी म्हणजे…” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि रिसबूडसर ऐंशीचे आहेत. तुमचं पुस्तक वर्षभर थांबलं तर? दोन वर्षं?”

ते काय म्हणत होते, ते दोघांनाही कळलं होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. मलाही ते बरं वाटलं असतं. पण ज्या माणसाने रेघेखालची चूक वाचता यावी म्हणून हयात घालवली, त्याची चूक त्याच्या पश्चात दुसऱ्या कुणी दुरुस्त करणं मला ब्लेडने खरवडल्यासारखं वाटत होतं. मी म्हणाले, “मी त्यांना दाखवते. काय करायचं ते त्यांनी ठरवावं.”

“त्यांना धक्का बसला तर जबाबदारी तुमची हां,” ब्रदर पॅट्रिक म्हणाले. मग लगेच, “नाही. माझीही.”

शनिवारी मी तीन मिनिटं आधी पोचले नाही. बरोबर अकराला बेल वाजवली. कागद काढण्याआधी काय बोलायचं, याची मनाशी केलेली तयारी वाया गेली.

“सर, ब्रदर मॅलकींची जन्मतारीख काय?”

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. खुर्चीतून उठायला लागले, परत बसले.

“सेवापुस्तिका नव्हती त्यांची,” ते म्हणाले.

“मला तारीख मिळाली आहे. दोन नोव्हेंबर एकोणीसशे सतरा.”

त्यांचे ओठ हलले. वजाबाकी करायला त्यांना क्षणही लागला नाही, पण ती त्यांनी पुन्हा एकदा केली असावी. मी दोन्ही नोंदी पुढे ठेवल्या. त्यांनी त्या भिंगाखाली धरून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या.

सुहासिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्या नवऱ्याकडे वळल्या.

“माझा भाऊ सहा वर्षं आला नाही तो एका तारखेपायी,” त्या म्हणाल्या. “आणि यांनी आपल्या साहेबांची तारीख विचारलीच नाही?”

रिसबूड उठले, कपाटातून एक जाड फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. स्मरणिकेचं हस्तलिखित होतं. त्यांनी पान शोधून एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘युद्धकाळात ब्रदर मॅलकी बहुधा संस्थेच्या दुसऱ्या एखाद्या शाळेत असावेत.’ ‘बहुधा’ या शब्दावर फूटपट्टीने मारलेली सरळ रेघ होती. ‘एखाद्या’वर रेघ होती. ‘असावेत’वरही रेघ होती आणि वर तांबड्या शाईत ‘होते’. शेजारी आद्याक्षरं आणि तारीख: ९ ऑगस्ट १९८८.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “पण मला माहीत नाही, हे माहीत होतं.”

“मग का खोडलंत?”

“आठ वर्षांचं भगदाड होतं मध्ये. अडतीस ते शेहेचाळीस. डब्लिनला पत्र टाकायला सव्वासहा रुपयांचं तिकीटसुद्धा लागलं नसतं. टाकलं नाही.” त्यांनी फाइलच्या कडा जुळवल्या. “चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. मला चारच मिळाली. लिहिताना वाटलं, त्रेचाळीस शोभतात त्यांना.”

आत कुकरची शिट्टी झाली. सुहासिनीबाई गेल्या नाहीत.

“आता मुकाट्याने पुस्तकात छापून टाकतील या,” त्या माझ्याकडे बोट करून नवऱ्याला म्हणाल्या. “तुम्ही इथे बसून काय करणार आहात?”

“पाटी लागली का?” रिसबूडांनी मला विचारलं.

“अजून नाही.”

“सोमवारी दहाला येतो. कोरीवकाम करणाऱ्याला बोलावून ठेवायला सांगा.”

सोमवारी ते रिक्षाने आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत फूटपट्टी, तांबडी पेन्सिल आणि भिंग. पाटी सभागृहाबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. कोरीवकाम करणारा शंभू पायऱ्यांवर बसला होता. रिसबूडांनी ‘१९२७’ या आकड्यावर फूटपट्टी धरून तांबडी रेघ ओढली आणि म्हणाले, “ही कोरा. एवढीच जाड. वर १९४६ घाला.”

शंभूने ब्रदर पॅट्रिककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काका, पाटी चुकली तर नवी करतात,” तो म्हणाला. “मी निम्म्यात करून देतो. दगडावर रेघ कुणी मारत नाही.”

“आम्ही मारतो.”

“लोक हसतील.”

“हसायला आधी वाचावं लागेल. वाचू द्या.”

“माझं नाव खराब होईल हो. म्हणतील, शंभूने चूक केली.”

रिसबूडांनी मान हलवली. “रास्त आहे. म्हणून खाली कोपऱ्यात बारीक घाला. अ. गो. रि. आणि आजची तारीख. म्हणजे चूक कुणाची, ते कळेल.”

 नियमाप्रमाणे पाटीवर ब्रदर सोडून कुणाचं नाव घालत नाहीत, असं ब्रदर पॅट्रिकनी मला पाटी आली तेव्हाच सांगितलं होतं. मी तो नियम शोधला, लेखी कुठेच सापडला नाही, पण सव्वाशे वर्षांत तो एकदाही मोडलेला नव्हता. ते पाटीपाशी वाकले, बोटाने कोपरा चाचपला आणि शंभूला म्हणाले, “तीन अक्षरंच आहेत. घाल.”

छिन्नीचा आवाज सुरू झाल्यावर रिसबूड आत गेले. समोरच्या भिंतीवर तैलचित्र होतं: पांढरा झगा, उंच कपाळ, गोल काचांचा चष्मा. ते १९३४च्या एका समूहचित्रावरून काढलेलं आहे, म्हणजे चेहरा पहिल्या मॅलकींचा, ज्यांना रिसबूडांनी कधी पाहिलं नव्हतं. मूळ छायाचित्र मी नीट तपासलं होतं. त्यात चष्मा नव्हता. तो कुठून आला, हे कोडं मला सुटलं नव्हतं.

“चष्मा मी सांगितला,” रिसबूड म्हणाले. “चित्रकार म्हणाला, फोटोत नाही. मी म्हटलं, नंतर लागला. मला वाटलं, तरुणपणी चेहरा वेगळा असेल माणसाचा. मी त्या चेहऱ्यात त्यांना शोधत होतो आणि सापडत नव्हते. चष्मा घातल्यावर थोडे सापडले.”

दुसऱ्या मॅलकींचं एकही छायाचित्र दप्तरात नाही. मी अजून शोधते आहे.

“काढून ठेवायचं का चित्र?” ब्रदर पॅट्रिकनी विचारलं.

“नको. खाली लिहा. चेहरा टॉमस हॅनलन यांचा, चष्मा डेनिस फ्युरी यांचा.” मग माझ्याकडे वळून, “हॅनलनांची जन्मतारीख अकरा मार्चच ना? यादी ही नक्कल असते. जन्मदाखला मागवलात का?”

मी मागवला नव्हता. तसं सांगितलं.

“मागवा,” ते म्हणाले. “तोवर ‘यादीनुसार’ असं लिहा. आणि तो शब्द खोडू नका.”

डिसेंबरातला मेळावा झाला. त्याआधी अडुसष्टच्या बॅचच्या अकरा जणांच्या मी मुलाखती घेतल्या होत्या. त्यांपैकी नऊ जणांनी तैलचित्र पाहून ‘तेच डोळे’ किंवा त्या अर्थाचं काही सांगितलं होतं. हे नऊही जण त्या दिवशी हजर होते. पाटीवरून कापड निघाल्यावर थोडी कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. मग एकेक जण पुढे येऊन वाकून वाचायला लागला. रेघेखालचा १९२७ स्पष्ट दिसत होता.

आत चित्राखालची ओळ वाचून हडपसरहून आलेले एक निवृत्त अभियंते मान वर करून चित्र न्याहाळू लागले. शेवटी म्हणाले, “चष्मा मात्र अगदी त्यांचाच.”

शेजारच्या खुर्चीत रिसबूड बसले होते. सुहासिनीबाई त्यांच्या पलीकडे, आणि त्यांच्या पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, पंचाहत्तरीचा. पाटीचं ऐकून तो मुद्दाम पाहायला आला होता आणि वाचून आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं.

“कशावरून?” रिसबूडांनी अभियंत्यांना विचारलं.

“आठवतो ना मला.”

“आठवतो,” रिसबूड म्हणाले आणि खिशातून पेन काढून माझ्या वहीकडे हात केला. “तसंच लिहून घ्या. यांच्या आठवणीनुसार. आणि माझ्याही.”